टोमॅटो-मिरचीत विषाणू येतो कुठून आणि पसरतो कसा?

टोमॅटो किंवा मिरचीच्या प्लॉटमध्ये दहा-वीस झाडांचे शेंडे आखडलेले दिसले, की पहिली फेरी कृषी सेवा केंद्रात होते. प्रश्नही ठरलेला असतो, ‘व्हायरस आलाय, काय मारू?’ झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. बुरशीनाशकाने तो जात नाही, प्रतिजैविकाने जात नाही आणि ‘व्हायरस किलर’ अशा नावाने मिळणाऱ्या महागड्या बाटल्यांनीही जात नाही. अशा फवारणीनंतर झाडाला चार नवी पाने फुटली, तरी विषाणू आतच असतो. त्यामुळे विषाणूला अडवायचे असेल तर तो एका झाडातून दुसऱ्या झाडात जात असतानाच अडवावा लागतो.

बुरशीचा बीजाणू पानावर पडून रुजतो आणि स्वतःच पानात शिरतो. विषाणूला ते जमत नाही. तो फक्त जिवंत पेशीत वाढतो आणि पेशीत जाण्यासाठी त्याला कुणीतरी जखम करून द्यावी लागते. टोमॅटो आणि मिरचीत हे काम मुख्यतः चौघे करतात : पांढरी माशी, मावा, फुलकिडे आणि माणसाचा हात. या चौघांची पद्धत वेगळी, वेळ वेगळी. म्हणून एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर वाया जातो. सगळ्यांवर एकच ‘कॉकटेल’ फवारून पैसे घालवण्याचे मूळ कारण हेच आहे.

२०२०चा ‘तिरंगा’

मे २०२०मध्ये पुणे, नगर, सातारा, नाशिक भागातील उन्हाळी टोमॅटोत फळे एकसारखी रंगेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिले. लॉकडाऊन सुरू होता, बाजार आधीच विस्कळीत होता. त्यातच ‘टोमॅटोतला नवा विषाणू माणसाला घातक’ अशी अफवा पसरली आणि चांगल्या मालालाही गिऱ्हाईक मिळेना. वनस्पतींचे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत, हे तेव्हा शास्त्रज्ञांना वारंवार सांगावे लागले.

नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले गेले. त्यात काकडीवरील मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही, प्रामुख्याने आढळला. सोबत इतर विषाणूंची मिश्र लागणही होती. म्हणजे विषाणू नवा नव्हताच. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगणारा हा जुना पाहुणा आहे. खानदेशात केळीवर जो ‘हरण्या’ रोग म्हणून ओळखला जातो, त्याचे कारणही हाच विषाणू.

फळावर पट्टे दिसले म्हणजे विषाणूच, असे मात्र नाही. कडक उन्हाळ्यात तापमान ३५ अंशांच्या आसपास गेले, की फळाला लाल रंग देणारे द्रव्य नीट तयार होत नाही. पालाश कमी पडले तरी रंग असमान येतो. फळासोबत शेंडा आणि पान पाहिल्याशिवाय निदान करू नये.

मावा : काही सेकंदांचे काम

सीएमव्ही पसरवतो मावा. मिरचीतील शिरांच्या कडेने गडद हिरवे पट्टे आणणारा विषाणू आणि बटाट्यावरचा पीव्हीवाय यांचा वाहकही मावाच. या विषाणूंची गोष्ट नीट समजून घेतली, तर फवारणीचा बराच खर्च वाचेल.

पंख फुटलेला मावा उडत येतो, पानावर बसतो आणि हे आपले खाद्य आहे का हे पाहण्यासाठी सोंड किंचित टोचून चव घेतो. यात त्याचे काही सेकंदच जातात. झाड रोगट असेल तर तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. चव आवडली नाही की मावा उडतो, पुढच्या झाडावर बसतो, पुन्हा टोचतो. दुसऱ्या झाडाला लागण झाली. सोंडेवरचा विषाणू थोड्या वेळात, फार तर काही तासांत निघून जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ज्या माव्याला टोमॅटो आवडतही नाही, जो तिथे वस्ती करणार नाही, तोही विषाणू देऊन जातो. म्हणून ‘प्लॉटमध्ये मावा एकही दिसत नाही, मग व्हायरस आला कुठून’ या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या काकडी, भोपळा, कलिंगड, केळीत किंवा बांधावरच्या तणात सापडते. दुसरी, कीटकनाशकाला मावा मारायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी त्याचे टोचून झालेले असते. काही कीटकनाशकांनी तर मावा बेचैन होऊन अधिक झाडांवर फिरतो. सीएमव्ही थांबवण्यासाठी दर चार दिवसांनी फवारणी करणारा शेतकरी आपल्या बाजूने काही कमी करत नसतो, पण त्याची वेळ कधीच जुळत नाही.

इथे अडथळे कामी येतात. लागवडीच्या साधारण तीन-चार आठवडे आधी प्लॉटच्या चारही बाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरल्या, तर उडत येणारा मावा आधी त्यांवर उतरतो, तिथे टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. मका उशिरा पेरून, टोमॅटोच्या बरोबरीने वाढवून उपयोग नाही; लागवडीच्या दिवशी तो गुडघ्याच्या वर हवा. चंदेरी-काळ्या मल्चिंग पेपरवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने पंखाचा मावा आणि फुलकिडे उतरायला बिचकतात. पण झाडे पसरून पेपर झाकला गेला, की हा फायदा संपतो. तोवरचे दिवस महत्त्वाचे असतात आणि तेवढ्यासाठीच पेपरची चंदेरी बाजू वर ठेवावी. केळीत किंवा टोमॅटोच्या शेजारी काकडीवर्गीय आंतरपीक घेणे टाळावे.

पांढरी माशी : लागण एकदा, धोका मरेपर्यंत

टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि मिरचीचा चुरडा-मुरडा (काही भागांत याला बोकड्या म्हणतात) हे विषाणू पांढरी माशी पसरवते. इथे सेकंदांचा खेळ नाही. विषाणू घेण्यासाठी माशीला रोगट झाडाचा रस साधारण १५ ते ३० मिनिटे शोषावा लागतो. तो तिच्या पोटातून शरीरात आणि तिथून लाळग्रंथीत पोहोचायला कित्येक तास जातात. त्यानंतरच ती निरोगी झाडाला लागण करू शकते. पण एकदा का विषाणू लाळेत आला, की ती जिवंत असेपर्यंत तो सोबत राहतो. एक माशी मग झाडामागून झाड बाधित करत जाते.

म्हणून इथे कीटकनाशकाला काही अंशी संधी मिळते, विशेषतः रोपे लहान असताना मुळांवाटे दिलेल्या आंतरप्रवाही कीटकनाशकाला. मात्र एकाच गटाचे औषध सलग वापरले, तर माशी त्याला दाद देईनाशी होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार मारल्यास मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. लेबलवर त्या पिकाची आणि त्या किडीची शिफारस आहे ना, हे पाहूनच औषध घ्यावे, मात्रा लेबलप्रमाणे ठेवावी आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा. पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसतात. वरून पाणी शिंपडल्यासारखी केलेली फवारणी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात. आज शेंडा गुंडाळलेले जे झाड दिसते, त्याला माशी चावली ती तीन आठवड्यांपूर्वी. लागवडीनंतर पंधरा-वीस दिवसांतच पर्णगुच्छाची झाडे दिसू लागली, तर लागण बहुधा रोपवाटिकेतूनच आलेली असते. असा हिशेब केला की दोष शेताचा की रोपांचा, हे बरेचसे कळते. विस्तार कार्यकर्त्याने प्लॉट पाहायला गेल्यावर लागवडीची तारीख आधी विचारावी.

नुकसानही लागणीच्या वयावर ठरते. पहिल्या महिना-दीड महिन्यात लागलेले झाड खुजे राहते, फुले गळतात, फळे जवळजवळ येत नाहीत. फळे धरल्यानंतर लागलेल्या झाडाचे नुकसान त्या मानाने थोडे. त्यामुळे सगळी ताकद रोपवाटिका आणि पहिले ४५ दिवस इथे लावावी.

रोपवाटिकेची जागा जुन्या टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडीच्या प्लॉटला लागून असेल, तर बाकीचे उपाय निम्मे फुकट जातात. रोपे ४० ते ५० मेश नायलॉन नेटमध्ये वाढवावीत, नेट जमिनीत दाबलेली असावी आणि दार दुहेरी असावे. विकत रोपे आणणाऱ्यांनी रोपांच्या शेंड्याबरोबर नेटही पाहावी. फाटकी नेट आणि उघडे दार असलेल्या रोपवाटिकेतले हिरवेगार रोपही भरवशाचे नसते, कारण लागण झालेली असली तरी लक्षणे यायला अजून वेळ असतो.

पांढरी माशी आणखी एक विषाणू आणते. त्यात टोमॅटोची खालची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि ठिसूळ होतात. अनेकजण ही मॅग्नेशियमची कमतरता समजून फवारण्या करत राहतात. मॅग्नेशियम देऊनही फरक पडला नाही आणि पिवळेपणा ठिकठिकाणच्या झाडांतच असेल, तर तपासणीचा विचार करावा.

फुलकिडे : लहानपणीच शिकलेला रोग

टोमॅटोचा शेंडा एकाएकी काळवंडून वाळतो, कोवळ्या पानांवर तांबूस-काळे ठिपके आणि वलये येतात, खोडावर काळपट रेघा आणि फळांवर एकात एक गोल चट्टे दिसतात. हा करप्यासारखा वाटतो, बुरशीनाशके मारली जातात आणि झाड वाळतच जाते. हा विषाणू भुईमुगात शेंडेमर आणतो, मूग-उडदातही असतो. वाहक फुलकिडे.

फुलकिड्याचे वैशिष्ट्य असे, की तो विषाणू घेऊ शकतो फक्त पिल्लाच्या अवस्थेत. रोगट झाडावर वाढलेले पिल्लू मोठे होऊन उडाले, की आयुष्यभर रोग पसरवते. पण निरोगी झाडावर वाढलेला प्रौढ नंतर रोगट झाडावर कितीही बसला, तरी तो वाहक होत नाही. म्हणजे ज्या रोगट झाडावर फुलकिडे वीण घालतात, तेच खरे केंद्र. ते झाड लवकर उपटले तर पुढची पिढी वाहक होत नाही. या रोगात सुरुवातीची रोगट झाडे काढणे इतर रोगांपेक्षा जास्त फायद्याचे आहे. शेजारी काढणीला आलेला भुईमूग किंवा मूग असेल, तर तो वाळू लागल्यावर फुलकिडे तुमच्याच प्लॉटकडे येणार, हे धरून लागवडीची तारीख ठरवावी.

बहुतेक फुलकिड्यांची कोषावस्था मातीत किंवा पालापाचोळ्यात जाते. त्यामुळे मल्चिंगचा इथेही उपयोग होतो. निरीक्षणासाठी फुलकिड्यांना निळे आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे एकरी दहा-बारा लावावेत. सापळ्याने कीड संपत नाही. ती कधी आली ते कळते, आणि तेवढ्यासाठीच ते लावायचे.

माणसाचा हात

तंबाखूवरील मोझॅक विषाणूची जात वेगळीच. मानवाने ओळखलेला हा पहिला विषाणू. १८९२मध्ये इवानोव्हस्की आणि १८९८मध्ये बायरिंक यांनी त्यावर केलेल्या कामातून विषाणूशास्त्र सुरू झाले. त्याचा भाऊबंद टोमॅटोत, दुसरा ढोबळी मिरचीत. यांना किडीची गरज नाही. पानावरची बारीक लव मोडली तरी पुरेशी जखम होते. बगलफूट काढताना, सुतळी बांधताना, फळे तोडताना रस बोटांना लागतो आणि पुढच्या शेकडो झाडांना जातो. रोग ओळीच्या दिशेने सरकताना दिसला, तर संशय आधी हातावर घ्यावा.

हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या पानात, मुळांच्या अवशेषात, कपड्यांवर, क्रेटवर, बांबूवर, जुन्या सुतळीवर तो महिनोन्‌महिने टिकतो. तारबांधणीचे सामान दरवर्षी नवे घेणे परवडत नाही हे खरे; तरी रोग आलेल्या प्लॉटची सुतळी जाळावी आणि बांबू धुऊन उन्हात टाकावेत. मजुरांची टोळी सकाळी निरोगी प्लॉटमध्ये न्यावी, रोगट ओळी दिवसाच्या शेवटी घ्याव्यात. कामाआधी आणि मध्ये साबणाने हात धुवावेत. रोपांना हात लावण्यापूर्वी हात दुधात बुडवणे हा जुना आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. दुधातील प्रथिनांमुळे विषाणूची लागण करण्याची क्षमता कमी होते. तंबाखू मळलेले हात तसेच रोपांना लावू नयेत, कारण तंबाखूच्या पुडीतही हा विषाणू जिवंत असू शकतो. बांधावर तंबाखू मळणाऱ्याला हे सांगणे अवघड जाते, पण सांगावे.

हे विषाणू बियांच्या सालीवरही बसतात. घरचे बियाणे वापरत असाल, तर ते १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, साधारण २० मिनिटे भिजवून वाहत्या पाण्यात खळखळून धुवावे व सावलीत वाळवावे. हातात रबरी मोजे हवेत. कंपनीच्या औषध लावलेल्या बियाण्यावर हे करू नये.

याच कुळातील एक नवा विषाणू २०१४मध्ये इस्राएलमध्ये आणि २०१५मध्ये जॉर्डनमध्ये दिसला आणि पुढे अनेक देशांच्या हरितगृहांत पोहोचला. टोमॅटोच्या संकरित वाणांत दशकानुदशके टिकलेली प्रतिकारशक्ती त्याने मोडली. त्याचा प्रसार बियाणे, रोपे, हात आणि साधनांवाटे होतो. परदेशातून कुणी ‘खास’ बियाण्याची पुडी खिशातून आणून दिली, तर ती रुजवू नये.

विषाणूसारखे दिसणारे, पण विषाणू नसलेले

मिरचीत हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर आधी फुलकिडे पाहावेत. कडा खाली वळल्या, पान उलट्या होडीसारखे झाले आणि देठ लांबला, तर कोळी. या दोन्हींत विषाणू नसला तर योग्य औषधाने नवी फूट सरळ येते. पाने बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला, पेरे आखूड झाले आणि नवी फूटही तशीच येत राहिली, तर विषाणू. एका झाडात तिन्ही एकत्र असू शकतात, म्हणून भिंगाने पान पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये.

टोमॅटोत सीएमव्हीने पाने दोरीसारखी अरुंद होतात. अगदी तसेच २,४-डी या तणनाशकाच्या वाफेने किंवा उडालेल्या थेंबांनीही होते. शेजारी ऊस किंवा गव्हात ते मारले असेल, किंवा तोच पंप नीट न धुता वापरला असेल, तर ‘व्हायरस’ एका रात्रीत सगळ्या प्लॉटवर पसरल्यासारखा दिसतो. खरा विषाणू असा येत नाही. तो आधी तुरळक झाडांत, बहुधा बांधाच्या बाजूने दिसतो, मग ठिगळांसारखा वाढतो. वाऱ्याची दिशा आणि पंपाचा इतिहास विचारल्यावर निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. शंका राहिलीच, तर कृषी विज्ञान केंद्रामार्फत नमुना तपासणीला पाठवावा. शेंडा पूर्ण वाळलेले झाड देऊ नये, नुकती लक्षणे आलेला कोवळा भाग द्यावा.

झाड उपटावे की ठेवावे?

फुलोऱ्यापर्यंत रोगट झाडे तुरळक असतील तर उपटावीत. झाडावर पांढरी माशी असेल, तर आधी फवारणी करावी आणि उपटताना झाडावर पिशवी चढवावी; नाहीतर झाड हलताच माश्या उठून शेजारच्या झाडावर जाऊन बसतात. उपटलेले झाड बांधावर टाकू नये, गाडावे. फळे धरल्यावर आणि रोग अर्ध्या प्लॉटभर पसरल्यावर झाडे उपटून फारसे साधत नाही. तेव्हा खत-पाणी संतुलित ठेवून जो माल निघतो तो काढावा.

प्रतिकारक वाण घेतानाही नाव नीट वाचावे. भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे संकरित टोमॅटो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांना प्रतिकारक आहेत. पण पर्णगुच्छाला प्रतिकारक म्हणजे सीएमव्हीला किंवा शेंडेमरीला प्रतिकारक नव्हे. ‘व्हायरस-फ्री वाण’ म्हणून विकणाऱ्याला कोणता विषाणू, हे विचारावे.

दोन रुपये किलोचा प्लॉट

भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही. मग माल झाडावरच सोडला जातो, पाणी बंद होते आणि हिरवट, अर्धमेला प्लॉट महिनाभर तसाच उभा राहतो. तारा-बांबू काढायलाही मजूर लागतात, खिशात पैसे नसतात, त्यामुळे त्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे नाही. पण त्याच प्लॉटमध्ये पांढरी माशी तीन आठवड्यांत पुढची पिढी उभी करते आणि शेजारी नुकत्या लावलेल्या रोपांवर उतरते. जुन्नर, संगमनेरसारख्या पट्ट्यांत उन्हाळी, खरीप आणि रब्बी लागवडी एकात एक गुंतलेल्या असतात. विषाणूला बारा महिने घर मिळते.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९०च्या दशकात पर्णगुच्छाच्या एका विषाणूने टोमॅटो उद्योग बसवला. तेव्हा तिथे वर्षातून सुमारे तीन महिने पांढऱ्या माशीला आवडणारी पिके घेण्यावर सरकारी बंदी आली आणि पीक पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे तीन महिने शक्य नाहीत. पण एका शिवारातल्या आठ-दहा जणांनी लागवडीच्या तारखा जवळ आणल्या आणि दोन हंगामांमध्ये महिनाभर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडीचे एकही हिरवे झाड ठेवले नाही, तर शेवटच्या रोगट झाडापासून नव्या रोपापर्यंतची साखळी बरीच तुटते. बांधावरची कामुनी, धोतरा, ओसाडी आणि गाजर गवत त्याच महिन्यात काढावे, फुलावर येण्याआधी. सोडून दिलेल्या प्लॉटसाठी कमीत कमी एवढे तरी करावे : माशीसाठी एक फवारणी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाडे बुडातून कापणे, आणि तारा नंतर सवडीने काढल्या तरी चालतील.